पाच इंची बांध

सेनिओ ही उत्तर इटलीतली नदी आपल्याकडच्या माणसाला ओढाच वाटेल. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीच्या नामदेव जाधवांना जिथे व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला, तिथे पात्र १५ फूट रुंद आणि पाणी चार-पाच फूट खोल. पण दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंचीचे, तीव्र उताराचे मातीचे बांध. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान यातला पहिला बांध चढले, आत उतरले, पाण्यातून गेले आणि दुसरा चढले. रुंदी, खोली, उंची हे सगळे आकडे जाधवांच्या पदकाबरोबरच्या मानपत्रातच आहेत. ही लढाई आम्ही टेबलावर चिमुकल्या शिपायांनी खेळणार होतो. १/७२ या प्रमाणात, म्हणजे सगळं बहात्तर पटींनी लहान केलं की, ३० फुटांचे बरोबर पाच इंच होतात आणि १५ फुटांचे अडीच. मी वहीत एवढं मांडलं आणि ठरवून टाकलं की टेबलावरचा बांध पाच इंचीच करायचा. ज्याच्याबरोबर मी खेळते तो माझा मामेभाऊ म्हणाला, "दोन इंच बास झाले. खेळायचंय आपल्याला, धरण नाही बांधायचं."

मी आर्किटेक्ट लोकांसाठी मॉडेलं करते. बिल्डरच्या ऑफिसात काचेच्या पेटीत जे गृहप्रकल्प मांडलेले दिसतात, तसली कामं. प्रमाण सोडायचं म्हटलं की माझ्या जिवावर येतं. दादाला प्रमाणाचं काही नाही, त्याला फळी कुठे फुटली, राखीव कंपनी कधी सोडली यात रस. त्यामुळे आमच्यात वाटणी आपोआप झाली. नियम, फासे आणि कोणाची तुकडी कुठे होती हे खातं त्याचं. शिपाई आणि जमीन माझी.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: सहा बाय चार फुटांचं टेबल, त्यावर शेतं, झाडं, घरं, आणि दोन्ही बाजूंचे जेमतेम इंचभर उंचीचे शिपाई. टेपने मोजून शिपाई पुढे न्यायचे, गोळी लागली की हुकली ते फाशांवर ठरवायचं. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी असला खेळ नकाशावर खेळवत असत. बुद्धिबळात पट तोच राहतो, इथे पटच दर लढाईला नव्याने करावा लागतो, आणि मला विचाराल तर खरी गंमत त्या पटातच आहे. शिपाई विकत मिळतात. जमीन मिळत नाही.

अर्थात शिपाईही सुखासुखी मिळतात असं नाही. जगभर आज सगळ्यात जास्त चालतात ते २८ मिलिमीटरचे, म्हणजे साधारण १/५६ प्रमाणाचे. दिसायला देखणे, नाक-डोळे ठसठशीत, आणि किंमतही तशीच. शिवाय १/५६ ला माझा ३० फुटी बांध साडेसहा इंचांच्या आसपास गेला असता, आणि मग दादाने टेबलावर बसायलाच नकार दिला असता. म्हणून १/७२. मऊ प्लॅस्टिकचे शिपाई, एका पाकिटात चाळीस-पन्नास. एअरफिक्स, इटालेरी, झ्वेज्दा ही नावं या छंदातल्या माणसांना पाठ असतात. पण २०२० च्या फेब्रुवारीत खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० झालं, आणि मधल्या काळात, १ जानेवारी २०२१ पासून, खेळण्यांना बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का सक्तीचा झाला. मोजूनमापून केलेली मॉडेलं सीमाशुल्काच्या यादीत खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली बसतात. सरकारचा रोख स्वस्तातल्या परदेशी खेळण्यांवर होता हे मान्य, पण त्या जाळ्यात आमची चिमुकली पलटणही सापडली. आता जे मिळतं ते बरंचसं हौशी मंडळींच्या आपापसातल्या देवघेवीतून. कोणाचं नेपोलियनवरून मन उडालं की त्याची पाकिटं निघतात, कोणी परदेशातून येताना बॅगेत चार पाकिटं घालून आणतं.

मराठा पलटणीचं म्हणून वेगळं पाकीट मी तरी पाहिलेलं नाही. त्याची गरजही फारशी पडत नाही, कारण इटलीतल्या मराठा जवानांच्या डोक्यावर ब्रिटिशांसारखंच पसरट पोलादी शिरस्त्राण, अंगात एप्रिलच्या थंडीतला लोकरी बॅटलड्रेस. ब्रिटिश पायदळाचं पाकीट घेतलं की काम भागतं. अडतं ते हत्यारापाशी. पाकिटं बहुतेक फ्रान्समधली नॉर्मंडीची लढाई डोळ्यांसमोर ठेवून केलेली, त्यामुळे सेक्शन कमांडरच्या हातात स्टेनगन. इटलीत ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीकडे अमेरिकन बनावटीच्या टॉमीगन होत्या. जाधवांच्या हातातही टॉमीगनच होती, जखमी झाल्यावर त्यांनी ती टाकून दिली आणि पुढचं काम ग्रेनेडवर केलं, असं मानपत्र सांगतं. मग स्टेन कापायची आणि टॉमीगन लावायची. भोसरीला एक जण घरी रेझिन प्रिंटर चालवतो, त्याच्याकडून आधी छापून घेतल्या. दिसायला सुरेख, पण इतक्या बारीक की हात लागला की मोडतात. शेवटी अमेरिकन पायदळाच्या एका पाकिटातल्या टॉमीगन मनगटासकट कापून इकडच्या शिपायांना बसवल्या. ११ नंबरचं ब्लेड, आत टाचणीचा तुकडा, वर फेविक्विकचा थेंब. मऊ प्लॅस्टिकला नुसतं फेविक्विक धरत नाही, टाचणी हवीच.

या प्लॅस्टिकवर रंगही सहजी टिकत नाही. साच्यातून सुटावेत म्हणून लावलेला तेलकट थर आधी भांड्यांच्या साबणाने घासून काढायचा, मग पाणी घातलेल्या फेविकॉलचा पातळ हात द्यायचा. वाळल्यावर ती एक कातडी होते. बंदुकीची नळी वाकली तरी वरचा रंग तडकत नाही. त्यावर गाडीच्या रंगाचं मॅट ग्रे प्राइमर. हे काम पुण्यात जून ते सप्टेंबर करायचं नाही. हवेतल्या दमटपणाने स्प्रे शिपायापर्यंत पोचेपोचेतो पिठासारखा होतो, आणि मग चेहऱ्यावर देवी आल्यासारखे खडबडीत ठिपके. फेब्रुवारी-मार्चमधली दुपार, गच्ची आणि बुटांचा रिकामा खोका, याला पर्याय नाही.

बॅटलड्रेसला वाइयेहो कंपनीचा ९२१ नंबरचा रंग या छंदात सगळे डोळे मिटून वापरतात, मीही तोच वापरते. प्रश्न येतो कातडीचा. रंगाच्या संचात 'फ्लेश' म्हणून जी बाटली येते ती गुलाबी. ती बाजूला ठेवायची आणि ८७५ नंबरच्या तपकिरीपासून सुरुवात करायची, हे ठीक. पण एकाच बाटलीने सगळी पलटण रंगवली की सगळे एका आईचे दिसतात. मी दर चार-पाच चेहऱ्यांनंतर पॅलेटवरच्या ठिपक्यात थोडी पिवळी माती नाहीतर थोडा लाल मिसळत गेले. एवढ्याशा शिरस्त्राणाखाली चेहरा असतो जेमतेम दोन मिलिमीटर. डोळे काढायच्या भानगडीत पडू नये. भुवयांखाली गडद तपकिरी पाणी सोडलं की ते खोबणीत जाऊन बसतं आणि माणूस बघतोय असं वाटतं. गालाच्या हाडावर एक फिकी रेघ, नाकाच्या शेंड्यावर टिंब. बस्स. शर्टाची बटणं रंगवणाऱ्यांना माझा नमस्कार.

आता जमीन.

थर्माकोल वापरायचा नाही हे माझं आधीच ठरलेलं. २०१८ च्या बंदीनंतर मखरवाल्यांकडचा थर्माकोल तसाही गेला, आणि कापला की त्याचे मणी सुटून घरभर होतात. बांधाला लागतो तो गुलाबी किंवा निळा घट्ट बोर्ड, गच्चीवर ऊन अडवायला टाकतात तो. १२५० बाय ६०० मिलिमीटरचे ताव येतात, ५० आणि २५ जाडीचे. दोन पन्नासचे, एक पंचवीसचा, म्हणजे १२५ मिलिमीटर. पाच इंचांना दोन कमी. वॉटरप्रूफिंगचं काम करणाऱ्या एकाकडे साइटवर उरलेले ताव होते, ते त्याने चहाच्या पैशांत दिले. ते ॲक्टिव्हाच्या पायाशी आडवे लावून लक्ष्मी रोडवरून आणणं ही मात्र वेगळी लढाई आहे.

कापायला नायक्रोमची तापलेली तार. दोन्ही कडांना पट्टीची चौकट लावून ४५ अंशांत तार फिरवली की लोण्यातून जावी तशी जाते, खिडकी उघडी ठेवायची एवढंच. थर चिकटवायला फेविकॉल चालतो पण वाळायला फार वेळ घेतो. फेव्हिबाँड लावाल तर बोर्ड विरघळेल. स्प्रे रंगाचंही तेच, त्यातलं थिनर बोर्ड खातं. म्हणून आधी वॉल पुट्टी आणि फेविकॉल यांचा लेप, मग काय हवं ते.

कागदावर छेद काढला तेव्हा दादाच्या म्हणण्यात तथ्य आहे हे दिसायला लागलं होतं. बांधाची उंची पाच इंच, उतार ४५ अंश, म्हणजे प्रत्येक उताराचा पाया आणखी पाच इंच. असे चार उतार. माथे मी अंदाजाने दीड-दीड इंच धरले. मधे अडीच इंच पाणी. बेरीज साडेपंचवीस इंच. टेबल आहे ४८ इंचांचं. निम्म्याहून जास्त टेबल नदीनेच खाल्लं.

"बघ," दादा म्हणाला. "आता जर्मन कुठे ठेवू? स्वयंपाकघरात?"

जर्मन कुठे होते ते मानपत्रात लिहिलेलंच आहे: बांधांच्या पोटात. दोन्ही बांध भुयारांनी आणि मोर्च्यांनी पोखरलेले होते, आणि पूर्वेकडच्या बांधाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वर, सुरुंगांचा पट्टा. दोन इंची बांधात भुयारांची एकच ओळ जेमतेम बसली असती. शिपाईच मुळी २३-२४ मिलिमीटरचा आहे. पाच इंचांत दोन ओळींनी भुयारं बसली, तोंडाशी आइस्क्रीमच्या काड्यांच्या फळ्या, आत अंधार दिसावा म्हणून नुसता काळा रंग. दादा गप्प बसला. पटलं म्हणून नव्हे, त्याला बारा नव्या मोर्च्यांचे नियम सुचायला लागले होते म्हणून.

उभ्या उतारावर शिपाई घसरतात, ही पुढची अडचण. त्यासाठी बोहरी आळीत गेले. आठ मिलिमीटर बोल्टचा वायसर बाहेरून १६ मिलिमीटरचा असतो, शिपायाच्या पायाखाली अगदी मापात बसतो. मूठभर नाही, किलोने मागितले तेव्हा दुकानदाराने चष्मा वर केला.

"कसल्या मशीनला लावता ताई?"

"शिपायांना लावायचेत. पायाखाली."

"कुठली कंपनी?" त्यांनी पावतीपुस्तक उघडत विचारलं. मी माझंच नाव सांगितलं. जीआयचे घ्या, स्टेनलेसला चुंबक धरत नाही, हा सल्ला त्यांचाच, आणि चुंबकी रबरी शीट कुठल्या दुकानात मिळेल तेही त्यांनीच सांगितलं. ती शीट उतारावर आधी डकवायची आणि वरून माती चढवायची. मातीचा थर जाड झाला की चुंबक धरत नाही, पातळ झाला की काळं रबर डोकावतं. मैदा चाळायच्या चाळणीतून काढलेली वाळू एक मिलिमीटरच्या आत ठेवली की जमतं.

गवताचं सगळं पुण्यातच भागतं. टिंबर मार्केटमधला लाकडाचा भुसा चाळून, कापडाच्या रंगात उकळून, वर्तमानपत्रावर वाळवायचा; तीन हिरवे, एक पिवळा, वेगवेगळ्या बरण्यांत. उंच गवताला सुतळी पिंजून. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी तोडून झुडपं. वाळवलेला चहाचा चोथा पाचोळ्याला. पण सेनिओच्या बांधावर हिरवं फार ठेवायचं नव्हतं. हल्ल्याच्या आधी तिथे विमानांनी आणि तोफांनी भाजून काढलं होतं, आणि शेवटी आगीचे फवारे मारणारे रणगाडे व चिलखती गाड्या बांधाशी आणून उभ्या केल्या होत्या. म्हणून आधी केलेल्या गवतावर गॅस लायटरची ज्योत लांबून फिरवली. सुतळी जळताना आपोआप काळी, वाकडी होते, ब्रशने तसं साधत नाही. खालचा बोर्ड वितळू नये म्हणून हे गवत वेगळ्या पत्र्यावर जाळून मग लावलं. दोन दिवस घरात होळीचा वास होता.

या रणगाड्यांत चर्चिल क्रोकोडाइल होता. एअरफिक्सचा जुना संच एका गृहस्थांच्या माळ्यावर पडून होता तो मिळाला, पण तो १/७६ चा. सव्वापाच टक्के लहान. दादाच्या मते कोणाला कळतंय. मला कळतं. तरीही वापरला, कारण दुसरा मिळणार कुठे! त्याचा रंग आणि अंगावरचे खिळे कसे दिसतात ते बघायला मात्र लांब जावं लागलं नाही. नगरच्या रणगाडा संग्रहालयात चर्चिल मार्क ७ उभा आहे, आणि क्रोकोडाइल याच मार्क ७ वर बांधत. फोटोत तो खोक्यासारखा दिसतो. शेजारी उभं राहिल्यावर त्याचे पट्टे खांद्याच्या वर जातात आणि बाजूचा तो गोल दरवाजा किती अरुंद आहे ते समजतं. पेटता रणगाडा सोडून यातून बाहेर पडायचं म्हणजे काय, हा विचार तिथेच आला. टेपने मोजायला गेले तर तिथल्या शिपायाने "हात लावू नका मॅडम" म्हणून सांगितलं, तेव्हा वितीने, हात न लावता, मोजलं.

पाण्याला रेझिन. हल्ली दागिने आणि घड्याळं करायला तो सगळीकडे मिळतो. तळ गढूळ खाकी रंगवून वर दोन पातळ थर ओतले. थर जाड ओतला की तापतो आणि पिवळा पडतो. पाण्यातले शिपाई करताना मात्र हात थांबला. चार-पाच फूट पाणी म्हणजे १/७२ ला १७ ते २१ मिलिमीटर. शिपाई २४ चा. म्हणजे छातीखालचा सगळा शिपाई कापून टाकायचा, आणि पाण्यावर ठेवायचं ते फक्त डोकं, खांदे आणि वर धरलेली बंदूक. जिथे पाणी खोल तिथे शिरस्त्राण आणि दोन मनगटं. कटिंग मॅटवर कमरेखालचे तुकडे जमत गेले. मानपत्रात एक वाक्य आहे: जाधवांनी एका जखमीला खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं, आणि मग दुसऱ्याला न्यायला परत गेले. मी ते आधी बऱ्याचदा वाचलं होतं. खांद्यावर माणूस घेतलेला शिपाई त्या अडीच इंचांत बसवून पाहिला तर वरच्याचं डोकं पाण्याबाहेर राहावं म्हणून खालच्याचं पाण्यात घालावं लागत होतं. शेवटी ती जोडी मी पाण्यात ठेवलीच नाही.

सुरुंग दाखवता येत नाहीत. जर्मनांचा लाकडी शू-माइन चारपाच इंचांची पेटी, म्हणजे टेबलावर मोहरीएवढा. त्या पट्ट्यावर मी काहीच ठेवलेलं नाही, नुसती उकरलेली माती. फासा टाकल्यावर काय ते कळतं.

हे सगळं दिवाणखान्यात चाललेलं, त्यामुळे येणाजाणाऱ्यांना उत्तरं देणं आलंच. शेजारच्या काकूंनी दारातूनच विचारलं, "अगं, दिवाळीला अवकाश आहे अजून, किल्ला आत्तापासून?" सोसायटीतली पोरं अधिक चौकस. कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणलेले मावळे घेऊन ती दर दिवाळीत किल्ला करतात. महाराज बुरुजापेक्षा उंच, पायथ्याशी प्लॅस्टिकचा वाघ, वाघाएवढाच शेतकरी. त्यात प्रमाण शोधायचं नसतं आणि मी ते कधी शोधलेलं नाही. पण त्यातल्या एका मुलीने माझ्या बांधाकडे बघून विचारलं, "पाऊस आला की हे वाहून जात नाही का? आमचा जातो." उताराला गवत का असतं ते मी तिला सांगितलं आणि मग जळलेल्या भागात माती थोडी खाली ओघळलेली दाखवायला हवी हे माझ्या लक्षात आलं. रात्री ते केलं.

खेळायची वेळ आली तेव्हा दादाने टेप काढली आणि हिशेब मांडला. आमच्या नियमांत शिपाई एका डावात सहा इंच चालतो, चढावर तीन. पाच इंच उंचीचा ४५ अंशांचा उतार अंगावरून मोजला तर सात इंच भरतो. चढायला तीन डाव, उतरायला दोन, पाण्यात एक, परत चढायला तीन. एकूण नऊ. आणि खेळ असतो सहा-सात डावांचा. "तुझी माणसं पोचणारच नाहीत," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. बंदुकीचा पल्ला आमच्या नियमांत २४ इंच. १/७२ ला ते होतात ४४ मीटर, खऱ्या ली-एनफिल्ड रायफलीच्या पल्ल्यापुढे काहीच नाही. सगळे नियम असेच, उंची खरी आणि अंतरं आखडलेली, म्हणूनच टेबलावरच्या टेकड्या सगळे बुटक्या करतात. क्रोकोडाइलची आग शंभर यार्डांच्याही पुढे जायची. शंभर यार्ड म्हणजे टेबलावर ५० इंच. टेबल ४८ चं. एका फवाऱ्यात जर्मन, मराठे आणि खेळणारे सगळेच गेले असते.

तोड निघाली ती अशी. आग आणि बॉम्बफेक खेळाच्या आधीच होऊन गेली असं धरायचं. प्रत्येक भुयारापाशी फासा टाकून ते बोलतंय की गप्प ते ठरवायचं, पण आकडा फक्त जर्मन बाजूने पाहायचा. आणि खेळ सुरू व्हायचा तो पहिल्या बांधाच्या माथ्यावरून. याचा अर्थ अलीकडची सगळी शेतं खेळाबाहेर. सुतळीच्या तारांवर चढवलेले द्राक्षांचे वेल, कोरुगेटेड पुठ्ठ्याची कौलं घातलेलं शेतघर, ज्याच्या विटा मी एकेक कोरल्या होत्या, ते सगळं प्रेक्षकांत जाऊन बसलं. दादा मराठ्यांकडून, मी जर्मनांकडून.

पाच इंचांचं खरं काम तेव्हा सुरू झालं. दादा पश्चिमेच्या बाजूला खुर्चीवर बसला होता आणि त्याला पहिल्या बांधाचा आतला उतार, पाणी, माझे निम्मे मोर्चे, यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तो सारखा उठून वाकून बघायला लागला. मी म्हटलं, बसून खेळ. तुझ्या कंपनी कमांडरलाही उठून बघता येत नव्हतं. त्यावर बरीच वादावादी झाली आणि नियम ठरला: खुर्चीऐवजी मोढा, आणि माथ्यावर ज्याचा शिपाई जिवंत आहे त्यालाच उभं राहून पलीकडे बघता येईल. माथ्यावरचा शिपाई पडला की खाली बसायचं. दोन इंची बांधाला हा नियम करताच आला नसता, वरून सगळं दिसलं असतं.

पहिल्याच खेळात त्याची पुढची तुकडी पाण्यात संपली. तो मोढ्यावर, त्याला काही दिसत नाही, आणि पलीकडे माणसं पोचली की नाही हे मी सांगायचं नाही. त्याने निरोप्या पाठवला. जाधव हे कंपनीचे निरोपेच होते. टेबलावर आमचा एक निरोप्या आहे, पण त्याला नाव दिलेलं नाही. दादाचा आग्रह होता की त्याच्यासाठी खास नियम हवा. बऱ्याच खेळांत असतो तसा: शूर माणूस, त्याला तीन जास्तीचे फासे. मी अडून बसले. त्या दिवशी सेनिओवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दुसरा तेराव्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांना, आणि दोघांपैकी कोणीही सकाळी जास्तीचे फासे घेऊन निघालेला नव्हता. मधला मार्ग म्हणून एवढंच ठेवलं की तुकडी संपली तर एक फासा टाकायचा आणि सहा पडले तर एक जण उरला. तो काय करेल ते खेळणाऱ्याने ठरवायचं. अजून एकदाही सहा पडलेले नाहीत.

खेळ फार लांबतो ही दादाची तक्रार कायम आहे आणि ती रास्त आहे. पाहुण्यांना घेऊन खेळायचं असेल तर आम्ही सरळ दुसरं सपाट टेबल मांडतो. बांधाचे चार तुकडे दिवाणाखाली, शिपाई बाकरवडीच्या डब्यांत, खाली चुंबकी शीट, त्यामुळे डबा आडवा झाला तरी कोणी पडत नाही.

पुढचं काय याबद्दल दोन मतं आहेत. मला इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या यशवंत घाडगे यांची १० जुलै १९४४ ची, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यातली लढाई करायचीय: डोंगर, दगडी गडगे, ऑलिव्हची झाडं. जुलै असल्यामुळे बॅटलड्रेस नाही, खाकी ड्रिल, म्हणजे नवीन शिपाई. दादाला १८१७ ची ५ नोव्हेंबर हवीय, खडकीची लढाई. बापू गोखल्यांचे हजारो स्वार, आणि त्यांची चाल मोडणारी ती दलदल. त्याचं म्हणणं, इटली कशाला, जमीन आपल्या घराजवळ आहे. एवढे घोडे १/७२ मध्ये ना मिळणार ना मावणार. सहा मिलिमीटरचे घ्यावे लागतील, आणि त्या मापात मराठा स्वार म्हणून काय मिळतं याची चौकशी त्याने सुरूही केलीय. मी त्याला म्हटलं, घोडे राहू देत. गणेशखिंड ते खडकी यातला कुठला ओढा, दलदल नेमकी कुठे आणि किती रुंद, हे जुन्या नकाशांतून आधी काढून दे. ते मिळालं की मी बोर्ड कापायला घेते.